रिव्हिजन नंबर मिळाला, फाइल मिळाली नाही

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाच्या दिवसातला सगळ्यात निर्धास्त क्षण म्हणजे कमिट. दिवसभर लिहिलेला कोड सर्व्हरवर पाठवायचा, काय बदललं ते एका ओळीत लिहायचं आणि एंटर दाबायचं. समोर रिव्हिजन नंबर उमटतो आणि माणूस चहाला उठतो. आता लॅपटॉप चोरीला गेला, उद्या कुणी तीच फाइल बिघडवून ठेवली, तरी काळजी नाही. आजचं काम आज होतं तसंच्या तसं परत काढता येणार, हा भरवसा त्या नंबरात असतो. बँकांपासून रेल्वेपर्यंत जे काही सॉफ्टवेअरवर चालतं, ते अशा भरवशावर लिहिलं जातं.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत बसणाऱ्या यंत्रांचे कंट्रोलर आमची मंडळी प्रोग्रॅम करतात. यंत्र एकदा बसलं की दहा-पंधरा वर्षं सहज चालतं. एखाद्या दिवशी सकाळीच फोन येतो, ‘मॅडम, ते आपलं जुनं मशीन अडकलंय, लाइन थांबलीय.’ अशा वेळी आजचा कोड उपयोगाचा नसतो. त्या यंत्रात, त्या वर्षी भरलेला कोडच हवा असतो, अक्षरन् अक्षर तोच. म्हणून ज्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात ते सॉफ्टवेअर आमच्याकडे इतर कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त जपलं जातं.

ज्यांनी कधी जमिनीची कागदपत्रं पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. सातबाऱ्यावर आजची स्थिती दिसते. ती तशी का झाली, कुणी कुणाला कधी विकलं, वारस कधी लागले, हे फेरफार नोंदवहीत असतं. व्हर्जन कंट्रोल म्हणजे कोडची फेरफार नोंदवही. प्रत्येक बदलाला क्रमांक, तारीख, करणाऱ्याचं नाव आणि कारण. एकदा झालेली नोंद खोडायची नाही. चुकली असेल तर दुरुस्तीची नवी नोंद घालायची.

आता प्रश्न असा की ही नोंदवहीच पान गिळायला लागली तर? बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष निघाला तर आम्ही म्हणतो, जुनी आवृत्ती काढा आणि लावा. पण जुनी आवृत्ती जिथून काढायची तिथंच दोष असेल तर मागे सरकायला जागा राहत नाही. या कामात असलेल्या माणसाला ‘डेटा लॉस बग’ हे शब्द ऐकले की पोटात गोळा येतो, तो यामुळे. फेब्रुवारी २०१७ मध्ये तसा एक दोष जगासमोर उघडा पडला. तो सापडला कसा, हाताळला कसा गेला आणि त्यातून आमच्या कामाच्या पद्धतीत काय बदललं, हे सांगण्यासाठी हा लेख.

त्याआधी एक तांत्रिक गोष्ट समजून घेऊ. व्हर्जन कंट्रोलमध्ये हजारो फायलींच्या हजारो आवृत्त्या साठतात आणि त्यातल्या कित्येक तंतोतंत एकसारख्या असतात. तीच फाइल पुन्हा पुन्हा साठवून डिस्क भरण्यात अर्थ नाही. म्हणून प्रत्येक फाइलचा एक ठसा काढतात. त्यासाठी वर्षानुवर्षं वापरली गेलेली पद्धत म्हणजे एसएचए-१. अमेरिकेच्या एनएसएने ती रचली आणि १९९५ मध्ये तिथल्या एनआयएसटी या मानक संस्थेने प्रसिद्ध केली. फाइल दोन ओळींची असो की दोन जीबीची, ठसा नेहमी १६० बिटांचाच, म्हणजे कागदावर लिहिला तर ४० अक्षरांचा. फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो.

सबव्हर्जन हे जुनं आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी वापरलं जाणारं व्हर्जन कंट्रोल. त्यात २००९ च्या १.६ आवृत्तीपासून या ठशाचा उपयोग जागा वाचवण्यासाठी होऊ लागला. नवी फाइल आली की सर्व्हर तिचा ठसा काढतो आणि आपल्या यादीत शोधतो. ठसा आधीच यादीत असेल तर मजकूर पुन्हा लिहीत नाही. ‘या फाइलचा मजकूर अमुक रिव्हिजनमध्ये तमुक जागी आहे’ एवढीच नोंद करतो. सोय उत्तम, पण ती एका गृहीतकावर उभी आहे: दोन वेगळ्या फायलींचा ठसा कधीच सारखा येणार नाही.

गणिताच्या दृष्टीनं सारखे ठसे असलेल्या फायली असणारच, कारण फायली अगणित आणि ठसे मर्यादित. अडचण एवढीच की त्या शोधून काढायला अवाढव्य गणित करावं लागतं. चीनच्या शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं होतं की हे काम समजलं जातं तितकं अवघड नाही. तरी प्रत्यक्षात अशी जोडी कुणाच्या हाती नव्हती.

ती आली २३ फेब्रुवारी २०१७ रोजी. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित-संगणकशास्त्र संस्थेने आणि गूगलने मिळून दोन पीडीएफ फायली जाहीर केल्या. एकीची पार्श्वभूमी निळी, दुसरीची लाल. दोन्हींची लांबी ४,२२,४३५ बाइट आणि दोन्हींचा एसएचए-१ ठसा एकच, ३८७६२ या आकड्यांनी सुरू होणारा. त्यांच्यातला सगळा फरक सुरुवातीच्या १२८ बाइटांच्या एका पट्ट्यात मावतो. त्यापुढचा प्रत्येक बाइट सारखा. हे जमवायला नऊ अब्ज गुणिले एक अब्ज इतक्या वेळा ठसा काढावा लागला. एकाच प्रोसेसरवर केलं असतं तर पहिल्या टप्प्याला ६,५०० वर्षं लागली असती, आणि दुसऱ्या टप्प्याला एका ग्राफिक्स कार्डावर ११० वर्षं. या संशोधनाला त्यांनी ‘शॅटर्ड’ असं नाव दिलं.

त्या गुरुवारी पुण्यात महापालिकेची मतमोजणी होती. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र, ऑफिसला सुट्टी. मी हे सगळं घरी वाचत होते आणि सुरुवातीला माझाही समज सगळ्यांसारखाच होता की हा विषय डिजिटल सह्यांचा, वेबसाइटच्या प्रमाणपत्रांचा, म्हणजे सुरक्षेवाल्या मंडळींचा आहे. कोडच्या साठवणीशी त्याचा इतक्या लवकर संबंध येईल असं वाटलं नव्हतं. पण चोवीस तासांच्या आत वेबकिटची बातमी आली.

वेबकिट हे ॲपलच्या सफारी ब्राउझरचं इंजिन. आयफोनवर आपण जी वेबपानं उघडतो ती त्याच्यामार्फत दिसतात. वेबकिटच्या आतही काही ठिकाणी एसएचए-१ वापरला जात होता, ब्राउझर वारंवार लागणाऱ्या फायली डिस्कवर ठेवतो त्या कामात. म्हणून तिथल्या एका इंजिनियरने अगदी योग्य ते केलं. शॅटर्डच्या दोन्ही पीडीएफ घेतल्या आणि आपलं इंजिन त्यांच्यामुळे गोंधळत तर नाही ना, हे पाहणारी एक चाचणी लिहिली. चाचणीच्या सोबत त्या दोन फायलीही साठवणीत कमिट केल्या. वेबकिटची साठवण तेव्हा सबव्हर्जनमध्ये होती. कमिट झालं आणि साठवण बिघडली. शॅटर्डच्या संशोधकांनी स्वतः करून पाहिलं, त्यांनाही तेच आढळलं. काही वेळा तर बिघाडानंतर पुढची कमिटसुद्धा अडकत होती. मग त्यांनी आपल्या माहितीपानावरच इशारा टाकला की या फायली सबव्हर्जनमध्ये टाकू नका.

शनिवारी ऑफिसात जाऊन मी एका जुन्या पीसीवर रिकामी साठवण तयार केली. खऱ्या सर्व्हरला हात लावला नाही. दोन वेगळ्या फोल्डरमधून एकेक पीडीएफ कमिट केली. पहिली गेली: रिव्हिजन १. दुसरी गेली: रिव्हिजन २. कुठं काही तक्रार नाही, लाल अक्षर नाही. कुणीही ‘झालं’ म्हणून चहाला उठला असता. मग तिसऱ्या फोल्डरमध्ये सगळं नव्यानं उतरवून घेतलं, त्याला चेकआउट म्हणतात. पहिली फाइल आली. दुसरीपाशी गाडी थांबली: चेकसम जुळत नाही, अपेक्षित अमुक, प्रत्यक्षात तमुक.

सबव्हर्जन आपल्या साठवणीत प्रत्येक रिव्हिजनसाठी एक फाइल ठेवतं. पहिल्या रिव्हिजनची फाइल चार लाख बाइटांच्या आसपास होती, पीडीएफएवढीच. दुसऱ्या रिव्हिजनची अगदीच किरकोळ. ती साध्या एडिटरमध्ये उघडली. आत मजकुराची एक ओळ होती, ‘टेक्स्ट’ या शब्दानं सुरू होणारी, आणि तिच्यातला पहिला आकडा होता १. म्हणजे ‘या फाइलचा मजकूर रिव्हिजन १ मध्ये पाहा’. सर्व्हरनं लाल पीडीएफचा ठसा काढला, तो यादीत सापडला आणि सर्व्हरनं गृहीत धरलं की ही निळीच पुन्हा आली आहे. लाल पीडीएफ त्या डिस्कवर कधी लिहिलीच गेली नव्हती. नंबर दिला, पण फाइल घेतलीच नाही.

त्याच ओळीत पुढे दोन ठसे होते. एक एसएचए-१ आणि दुसरा एमडी५ नावाच्या आणखी जुन्या पद्धतीचा. एमडी५ तर २००४ मध्येच मोडली गेली होती. सुरक्षेच्या कामासाठी तिचं नाव कुणी काढत नाही. पण सबव्हर्जननं ती जुन्या सवयीनं चालू ठेवली होती आणि चेकआउट थांबलं ते तिच्यामुळे. नोंदीत एमडी५ लाल पीडीएफचा होता, डिस्कवरून वाचलेला मजकूर निळीचा निघाला, म्हणून सर्व्हरनं हात वर केले. ही दुसरी तपासणी नसती तर सर्व्हरनं लाल मागणाऱ्याला खुशाल निळी दिली असती आणि कुणाला काही कळलंही नसतं. जिथं डेटा सांभाळायचा तिथं एकाच पद्धतीच्या खुणेवर कधी विसंबू नये, हे मला त्या ओळीनं पुस्तकांपेक्षा जास्त पटवलं.

इथं एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. हार्ड डिस्क बिघडली तर डेटा होता आणि गेला. कधी कधी तज्ज्ञ मंडळी तो परत काढून देतात. इथं सर्व्हर कितीही खोदला तरी लाल पीडीएफ मिळणार नाही. ती मिळाली तर पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर मिळेल, आणि तेसुद्धा त्यानं कमिटच्या भरवशावर ती पुसून टाकली नसेल तरच. बॅकअपही कामाचा नाही, कारण बॅकअप त्या साठवणीचाच. जे मुळात लिहिलं गेलं नाही त्याची नक्कल कशी होणार? म्हणून असा दोष सापडला की पहिल्यांदा कमिट करणाऱ्या माणसांना फोन करून सांगायचं असतं, ‘तुमच्या मशिनवर हात लावू नका, काही पुसू नका.’ सर्व्हरची दुरुस्ती नंतर.

आणि दुरुस्तीसुद्धा मूळ साठवणीवर कधी करायची नाही. आधी बिघडलेल्या अवस्थेची जशीच्या तशी नक्कल काढून बाजूला ठेवायची. घाईत चालवलेली दुरुस्ती मूळ दोषापेक्षा जास्त नुकसान करून जाते, हे या धंद्यात सगळे जाणतात, आणि घाईच्या क्षणी सगळ्यात आधी तेच विसरलं जातं. सबव्हर्जनमध्ये साठवण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पाहणारा ‘व्हेरिफाय’ आदेश आहे. तो नकलेवर चालवायचा, नेमकी कुठली रिव्हिजन वाचता येत नाही ते शोधायचं, तिच्या आधीपर्यंतचा इतिहास बाहेर काढून नव्या साठवणीत भरायचा आणि पुढच्या नोंदी लोकांच्या मशिनवरून पुन्हा घालायच्या. फक्त सगळ्यात वरच्या आवृत्तीतून ती फाइल काढून टाकली तर आजचा कोड उतरतो, पण इतिहासातली ती जागा नासलेलीच राहते आणि जुनी आवृत्ती मागणारा प्रत्येक जण तिथं अडखळतो.

सोमवारी मी आमच्या मॅनेजर सरांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, “पण मॅडम, आपल्याकडे असल्या पीडीएफ टाकणार कोण?”

“मुद्दाम कोणी नाही टाकणार, सर. पण बातमी सगळ्यांनी वाचलीय. नवीन आलेली मुलं कुतूहलापोटी टाकून बघतील. वेबकिटवाल्यांनी तर चांगल्या कामासाठीच टाकल्या होत्या.”

“मग कमिट बंद ठेवायचं का? या आठवड्यात चाकणचं डिस्पॅच आहे.”

“कमिट चालू राहू दे. जागा वाचवायची ती सोय मी बंद केलीय. डिस्क थोडी जास्त लागेल, पण आता प्रत्येक फाइल खरोखर लिहिली जाईल. आणि सगळ्या टीमला मेल टाकलाय, काय झालंय ते स्पष्ट लिहून.”

सर क्षणभर थांबून म्हणाले, “मेल करायची काय गरज होती? लोक घाबरतील.”

त्यांची काळजी मला समजत होती, पण माझं मत तेव्हाही ठाम होतं आणि आजही आहे. डेटा धोक्यात आहे हे ज्याचा डेटा आहे त्याला सगळ्यात आधी कळलं पाहिजे. चार दिवस घाबरलेली माणसं आपापल्या मशिनवर एक प्रत जास्त ठेवतात. न घाबरलेली माणसं जागा हवी म्हणून जुने फोल्डर पुसतात.

सबव्हर्जन बनवणाऱ्यांनी या बाबतीत जे केलं त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पहिल्यांदा त्यांनी काही दिवसांतच एक छोटी स्क्रिप्ट दिली, कमिट आत घेण्याआधी दारावर चालणारी. ती येणाऱ्या प्रत्येक फाइलचे पहिले ३२० बाइट तपासते. ३२० का, तर शॅटर्डची सगळी करामत तेवढ्यातच संपते. त्यापुढे कुणीही स्वतःचा सारखाच मजकूर जोडला तर आयती नवी जोडी तयार होते, आणि एव्हाना तशा जोड्या बनवून देणारी साधनं इंटरनेटवर आलीही होती. हजारो वर्षांचं गणित एकदा कुणीतरी केलं की त्याचं फळ सगळ्यांना फुकट मिळतं. नुसत्या दोन जाहीर पीडीएफ ओळखून अडवल्या असत्या तर त्या स्क्रिप्टचा काहीच उपयोग झाला नसता.

मग खरी दुरुस्ती. २०१७ च्या मध्यावर आलेल्या १.९.६ आवृत्तीपासून सर्व्हर नुसता ठसा जुळला म्हणून समाधान मानत नाही. ठसा जुळला की आधीचा मजकूर डिस्कवरून वाचतो आणि नव्या मजकुराशी ताडून पाहतो. सारखा असेल तरच जागा वाचवतो. ठसा सारखा पण मजकूर वेगळा निघाला तर? इथं दोन वाटा होत्या. एक म्हणजे दोन्ही फायली वेगवेगळ्या साठवायच्या, आणि ऐकायला तेच बरोबर वाटतं. पण सबव्हर्जन वापरणाऱ्याच्या लॅपटॉपवरही उतरवून घेतलेल्या मुख्य फोल्डरच्या आत एक लपलेली साठवण असते आणि तीही एसएचए-१ वरच चालते. सर्व्हरनं दोन्ही फायली सांभाळल्या तरी त्या उतरवून घेणाऱ्याच्या मशिनवर गोंधळ व्हायचाच. म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली: अशी कमिट सरळ नाकारायची आणि कारण सांगायचं, ठसा जुळतोय पण मजकूर वेगळा आहे.

‘मी हे ठेवू शकत नाही’ असं तोंडावर सांगणारी साठवण मला नेहमी चालेल. नकार मिळाला की माणूस फाइल हातात धरून दुसरी सोय शोधतो. खोटा होकार मिळाला की तो फाइल सोडून देतो.

गिट या व्हर्जन कंट्रोलचं काय झालं, हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल, कारण आज बहुतेक तरुण मंडळी गिटच वापरतात. लिनस टोरवाल्ड्सनी २००५ मध्ये ते लिहिलं तेव्हा त्याचा सगळा डोलारा एसएचए-१ वरच उभा केला. तरी शॅटर्डच्या त्या दोन पीडीएफ गिटमध्ये टाकल्या तर काही होत नाही. ठसा काढण्याआधी गिट फाइलच्या पुढे तिचा प्रकार आणि लांबी लिहितं, आणि एवढी भर पडली की दोन्ही ठसे वेगळे येतात. खास गिटसाठी बनवलेली जोडी मात्र त्याला चकवू शकली असती. म्हणून मे २०१७ च्या २.१३ आवृत्तीत गिटनं एसएचए-१ चा असा अवतार घेतला जो ठसा काढता काढताच अशा हल्ल्याच्या खुणा ओळखतो. तो लिहिणाऱ्यांपैकी मार्क स्टीव्हन्स हे शॅटर्डच्या संशोधकांपैकीच एक. ज्यानं कुलूप उघडून दाखवलं त्यानंच ते पक्कं करायलाही हात लावला.

पण गिटवाल्यांनीही निर्धास्त राहावं असं नाही. केडीई हा लिनक्सवरचा मोठा डेस्कटॉप प्रकल्प. २२ मार्च २०१३ रोजी त्यांचा गिट सर्व्हर सुरक्षेच्या अपडेटसाठी बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा त्याच्यावरची फाइल सिस्टिम बिघडलेली निघाली. सुमारे १,५०० साठवणी तिथं होत्या. जगात ठिकठिकाणी त्यांचे मिरर सर्व्हर होते, म्हणजे मुख्य सर्व्हरशी सतत जुळवून घेणाऱ्या नकला. ते सगळे आज्ञाधारकपणे बिघडलेल्या सर्व्हरशी जुळवून घेत गेले. साठवणींची यादीच बिघडल्यामुळे, यादीत जे नाही ते मिररवरूनही पुसलं गेलं. शेवटी एका सर्व्हरवर जुळवणी होण्याआधीची प्रत शिल्लक सापडली आणि प्रकल्प वाचला. मिरर बनवताना मजकूर तपासला जात नव्हता, समोर आहे ते घेतलं जात होतं. त्यानंतर गिटमध्येही क्लोन करतानाच्या तपासण्या कडक झाल्या.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे आमच्या क्षेत्रात भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं वाक्य आहे. तरी आजही मी नव्या ठिकाणी गेले की लोक मला अभिमानानं दुसरा सर्व्हर दाखवतात. ‘दर पाच मिनिटांनी सिंक होतो, मॅडम.’ मी विचारते, इथं चुकून पुसलं तर तिथं किती वेळानं पुसलं जाईल? उत्तर त्यांच्याच वाक्यात असतं.

शॅटर्डच्या तीनच आठवडे आधी, ३१ जानेवारी २०१७ ला, गिटलॅब या सेवेत एका थकलेल्या इंजिनियरच्या हातून चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेस पुसला गेला. थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच पद्धती कागदावर होत्या, वेळेवर एकही नीट कामाला आली नाही. योगायोगानं सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत होती, तिच्यावरून सेवा उभी राहिली. लोकांच्या कोडच्या साठवणी वाचल्या, पण मधल्या सहा तासांतल्या चर्चा, टिपणं, नव्या नोंदी गेल्या. त्यांनी दुरुस्तीचं काम चालू असताना आपली टिपणं जगासमोर उघडी ठेवली, यूट्यूबवर थेट दाखवली. चूक करणाऱ्याला दोषी ठरवून मोकळं होण्याऐवजी पद्धत कुठं तोकडी पडली ते लिहिलं. आमच्या सरांना नंतर मी तोच वृत्तांत वाचायला दिला.

आमच्याकडे आता काय होतं ते सांगते, कारण छोट्या कंपन्यांत हे काम करणारे पुष्कळ जण हे वाचत असतील. सर्व्हरवर सबव्हर्जनची नवी आवृत्ती आहे. दर शनिवारी रात्री सगळ्या साठवणींवर व्हेरिफाय चालतं, रिव्हिजन १ पासून, आणि त्याचा अहवाल मला आणि आणखी एकाला जातो. एकट्याला गेलेला अहवाल सुट्टीत वाचला जात नाही. बॅकअप तीन जागी आहे, त्यातला एक तारेनं कुठंच जोडलेला नाही. आणि अधूनमधून आम्ही एखादं जुनं वर्ष निवडतो, त्या वर्षीचा कोड मुख्य सर्व्हरवरून न घेता बॅकअपमधून काढतो, कंपाइल करतो आणि बेंचवरच्या कंट्रोलरमध्ये भरून मोटर फिरते का पाहतो. बॅकअप घेतला जातोय की नाही हे विचारणारे पुष्कळ भेटतात. तो परत काढून पाहिला का, हे विचारणारे फार थोडे.

वेबकिट २०२२ मध्ये सबव्हर्जन सोडून गिटवर गेलं. एनआयएसटीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जाहीर केलं की २०३० च्या अखेरपर्यंत एसएचए-१ वापरातून काढून टाका. गिटमध्ये एसएचए-२५६ या नव्या ठशाची सोय २०२० पासून आहे, पण जुन्या आणि नव्या ठशांच्या साठवणींनी एकमेकींशी बोलावं हे काम मोठं आहे. म्हणून नव्या साठवणी आपोआप एसएचए-२५६ वर सुरू करायचा बदल गिटच्या ३.० आवृत्तीसाठी ठेवला आहे. आमची सबव्हर्जनची साठवण मात्र आहे तिथंच आहे. बारा वर्षांपूर्वीची यंत्रं अजून चालतात, त्यांचा इतिहास तिच्यात आहे, आणि तो हलवायचा म्हणजे प्रत्येक रिव्हिजन दोन्हीकडून काढून बाइटला बाइट ताडून पाहायची. ते काम आम्ही यंदा सुरू केलं आहे, सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकापासून. गेल्या तपासणीत असं लक्षात आलं की त्याच्या कंट्रोलरचा कोड शाबूत आहे, पण तो कंपाइल करणारा जुना कंपायलर ऑफिसातल्या एकाच पीसीवर उरला आहे. त्याची इन्स्टॉलेशन फाइल आता साठवणीत टाकली आहे, आणि दुसऱ्या मशिनवर उतरवून, चालवून पाहिली आहे.